तळाशी चिकटलेली मी

मी नाळेच्या रक्तातली एक आधारपेशी बोलतेय. मला कुणी ओळखत नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटतं. रक्त बनतं मूळपेशींपासून. मी त्यांना टेकायला जागा देते, हवं-नको बघते. घरातल्या थोरल्या आत्याचं असतं ना, तसं माझं. पोरं दुसऱ्यांची, काळजी माझी.

बाळ जन्मलं, नाळ कापली आणि तिच्यातलं रक्त पिशवीत भरून प्रयोगशाळेत आणलं. बाळाच्या नऊ वर्षांच्या ताईच्या अंगात रक्त बनणंच थांबलं होतं. पिशवीतल्या मूळपेशी तिला पुरणाऱ्या नव्हत्या. म्हणून त्यांना आधी आमच्या अंगाखांद्यावर वाढवायचं ठरलं. मूळपेशींसकट आम्हाला दोन चपट्या बाटल्यांत वाटून ठेवलं.

नाळेतल्या आम्ही मुळात मोजक्या, त्यात धिम्या. बाटलीच्या तळाला चिकटायला आम्हाला आठवडा लागतो. पण देखभाल करणाऱ्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी पहिल्या बाटलीतला द्रव ओतून टाकला आणि नवा भरला. तरंगत होतं ते सगळं गेलं, माझ्या बहिणीही आणि मूळपेशीही.

"आधी चिकटल्यात का बघायचं ना," प्रयोगशाळेचे सर म्हणाले.

"मोठ्या माणसांच्या हाडातल्या पेशी एका दिवसात चिकटतात. हात सवयीने गेला, सर."

दुपारी बाईंनी मुलीच्या आईला बोलावून स्वतःच सांगितलं, "ताई, अर्धं रक्त माझ्या हातून गेलं."

आई कितीतरी वेळ पर्सची चेन उघडत-लावत बसली. मग म्हणाली, "उरलंय त्याला जपा. पोरगी रोज विचारते, भावाचं रक्त मला कधी देणार म्हणून."

त्यानंतर बाई आमची बाटली उचलताना श्वास रोखून धरायच्या. मीही जिवाचं रान केलं. मूळपेशी माझ्या कुशीत शिरल्या, एकीच्या दोन झाल्या, दोघींच्या चार. तरी एका बाटलीत होऊन होऊन किती होणार?

"पुरतील न पुरतील, अगदी काठावर आहेत," सर म्हणाले. "पण आता थांबायला वेळ नाही."

आज सकाळी मूळपेशींना त्या मुलीला द्यायला नेलं. मी तळालाच राहिले. जाताना एकीनेही मागे वळून पाहिलं नाही, पोरंच ती. थोड्या वेळाने उरलेल्या पेशी मारायला या बाटलीत ब्लीच ओततील, तशी पद्धतच आहे. माझं काही नाही.

पण त्या मुलीच्या हाडांत तिच्या स्वतःच्या आधारपेशी आहेत, आजाराने आणि औषधांनी थकलेल्या. बायांनो, पोरी दमून येतील, मोजक्याच आहेत. त्यांना जागा द्या. तुम्ही दार लावून घेतलंत, तर त्यांच्यामागून पाठवायला इथे आता कुणी उरलेलं नाही.