मुंग्यांचा रिपोर्ट

मुरूमच्या तुळजाबाईंचा डॉक्टरवर विश्वास नव्हता, लॅबवर नव्हता आणि सून बोट टोचून दाखवायची त्या मशीनवर तर अजिबात नव्हता. त्यांचा विश्वास मुंग्यांवर. परसातल्या न्हाणीत लघवी करून आल्या की वर पाणी ओतायच्या नाहीत. घटकाभरानं जाऊन बघायच्या. फरशीच्या फटीतून मुंग्यांची रांग लागली तर शुगर आहे, नाही लागली तर गेली. त्यांच्या आईचं दुखणंही असंच कळलं होतं. सून शिवांजली नाक मुरडायची, पण सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई तीच टोचायची, आणि तेवढ्यावरच म्हातारीचं बरं चाललं होतं.

लेक सिद्धाराम खतं-औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून साखरेवरची आयुर्वेदिक पावडर विकू लागला होता. कंपनीत वर चढायचं तर उमरग्याच्या मेळाव्यात सुई सुटलेला एक जिताजागता माणूस स्टेजवर उभा करायला हवा होता. बाहेर कशाला शोधायचा? घरात होताच की.

"अव्वा, एकवीस दिवस पी. मुंग्या गेल्या तर सुई बंद. तूच ठरव."

"मुंग्या खोटं बोलत न्हाईत," म्हणत तुळजाबाईंनी ते हिरवं पाणी एका दमात संपवलं.

नवव्या दिवशी न्हाणीत मुंगी दिसेना. दहाव्या दिवशीही नाही. तुळजाबाई इतक्या हुरळल्या की शेजारच्या चार बायकांना हात धरून कोरडी फरशी दाखवून आल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी सुई घ्यायचं बंद केलं.

शिवांजली मशीन घेऊन मागं लागली. "आत्याबाई, चारशेच्या वर दावतंय. पाया पडते, सुई घ्या."

"तुला माझ्या लेकाचं बरं बघवत न्हाय," तुळजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पदराखाली घेतला.

महिन्याभरात चप्पल चावलेला अंगठा काळा पडला. घरभर वास सुटला. सिद्धाराम म्हणाला, आतली घाण बाहेर पडतीय, पडू दे. पडू दिली. शेवटी शिवांजलीनंच गाडी करून त्यांना सोलापूरला नेलं. तिथं डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी शिवांजलीनं न्हाणी घासायला घेतली, तर फटीफटीतून पांढरी भुकटी निघाली. मुंग्या मारायचं औषध. त्याचं अर्धं पाकीट सिद्धारामच्या जुन्या दुकानाच्या पिशवीत सापडलं. तिनं ते सासूच्या खाटेवर आणून ठेवलं आणि परत न्हाणी घासायला गेली.

"सिद्धू, हे तू टाकलंस?"

सिद्धारामनं पाकिटाकडं पाहिलंसुद्धा नाही. "तुला सुई नकोच हुती ना, अव्वा? म्या नुसता धीर दिला." मग खाटेवर बसून तो त्यांचा उरलेला पाय दाबू लागला. "रविवारी मेळावा हाय. येशील न्हवं? हितून पुढं तुझं सगळं मलाच बघायचंय."

ते शेवटचं वाक्य तुळजाबाईंना नीट कळलं. उठवायला माणूस लागत होता, बसवायला लागत होता, न्हाणीत न्यायलाही लागत होता. त्यांना लेकाचा संताप आला, आणि संतापापेक्षा जास्त भीती वाटली.

रविवारी मंगल कार्यालय खचाखच भरलं होतं. चाकाच्या खुर्चीतून त्यांना स्टेजवर घेतलं. सिद्धाराम गळा काढून सांगत होता, "डॉक्टरनं तर आशा सोडली हुती! पावडर पोटात हुती म्हणून पायावर भागलं, जीव वाचला!" टाळ्या पडल्या. तुळजाबाईंनी मान हलवली.

पहिल्या रांगेतली एक तरणी बाई उठली. कडेवर वर्षाचं पोर, पायात सूज. "मावशी, ह्यांचं ऱ्हाऊ द्या. तुमी सांगा. दोन येळा सुई घेती मी. बंद करू का?"

सिद्धारामनं माईक आईच्या तोंडापुढं धरला. त्याचा दुसरा हात खुर्चीच्या दांडीवर होता. तुळजाबाईंनी त्या बाईकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं.

"कर," त्या म्हणाल्या.