मधुकररावांच्या फ्लॉप्या

आर्वीच्या मधुकररावांनी उभं आयुष्य किराणा विकला, गावभराची उधारी तोंडपाठ ठेवली, आणि दुकान मोडल्यावर स्वतःच्या घरचं लाइटबिल भरायला दोनदा विसरले. दुसऱ्या खेपेला लाइनमन येऊन वायर कापून गेला. ही बातमी कोण्या शहाण्यानं पुण्याला त्यांच्या मुलाच्या, गजेंद्रच्या कानावर घातली. झालं. गजेंद्र आपला जुना कॉम्प्युटर घेऊन आला, त्यात घरखर्चाचा प्रोग्राम टाकला, फ्लॉपीवर बॅकअप कसा घ्यायचा ते बापाला शिकवलं, आणि जाता जाता नेम घालून दिला.

"बाबा, दर दिवाळीले मले वर्षाचा हिशोब दाखवजा. ज्या वर्षी दाखवता नाई आला, त्या वर्षी तुमी दोघं सामान बांधून पुण्याले."

पुण्याचं नाव काढलं की मधुकरराव विषय बदलायचे. मुलावर राग नव्हता, आणि सून सपना तर गुणाची पोर. पण तिथं सकाळी उठून माणसानं जायचं कुठं? इथं किसनरावांच्या पानठेल्यासमोर त्यांचा हक्काचा बाकडा होता. त्यांच्याशिवाय त्या बाकड्यावर चर्चेला सुरुवात होत नसे, निदान त्यांची तशी समजूत होती. त्यांना आर्वी सोडायची नव्हती, एवढी साधी गोष्ट. पण पोटच्या पोराला ती तोंडानं सांगणं काही जमेना, म्हणून ते हिशोब ठेवू लागले.

आणि तो तरी कसा! रोज संध्याकाळी बायकोला, सुलोचनाबाईंना, समोर बसवायचे आणि कोथिंबिरीच्या जुडीचीसुद्धा चौकशी करायचे.

"अवो, लिंबं तं किसनभाऊच्या झाडाचे आले. त्याचं काय लिहिता?"

"लिंबू, शून्य रुपये," म्हणत मधुकरराव एका बोटानं टाइप करायचे.

महिना संपला की बॅकअप. प्रत्येक फ्लॉपीवर चिठ्ठी: चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. इंग्रजी महिन्यांत सणाचा खर्च सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात, आणि डब्याच्या आसपास लोहचुंबकाला मनाई. फ्रिजवर चिकटणारा एक गणपती होता, तोही त्यांनी हात जोडून शेजारी पोचवला.

दुकान होतं तेव्हा लक्ष्मीपूजनाला पाटावर लाल वही असायची. वही गेली, म्हणून तिच्या जागी फ्लॉप्यांचा डबा बसू लागला. दोन दिवाळ्या बंद डब्यावर फूल वाहून भागलं. गजेंद्रनंही तेव्हा हिशोब फोनवरच ऐकून घेतला होता.

यंदा मात्र त्यानं कळवलं की आम्ही दोघं भाऊबीजेला येतो, नवा फ्लॅट घेतला हाये, तुमच्यासाठी एक खोली काढून ठेवली हाये, हिशोब तयार ठेवजा. खोलीचं ऐकून मधुकररावांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

"यंदा पूजा जरा मन लावून कर," लक्ष्मीपूजनाला ते बायकोला म्हणाले. "वरवरची नको."

सुलोचनाबाईंनी मन लावलं. डबा उघडून फ्लॉप्या पाटावर ओळीनं मांडल्या. फ्लॉपीला पत्र्याचं एक सरकतं झाकण असतं, ते त्यांनी अंगठ्यानं बाजूला केलं, तर आत काळी चकती. एवढी वर्षं आपण देवीला दाराबाहेरूनच नमस्कार करत होतो की काय, असं त्यांना वाटलं. कार्तिकापासून आश्विनापर्यंत एकेकीचं झाकण सरकवून त्यांनी आत ओलं कुंकू लावलं, वर अक्षता घातल्या, एकीलाही नाराज केलं नाही. मग कॉम्प्युटरवर फुलानं तीर्थ शिंपडलं, चांगलं जाळीतून आत जाईल असं. मधुकरराव तेवढा वेळ हात जोडून, डोळे घट्ट मिटून मनातल्या मनात पुण्याच्या खोलीला कुलूप लावत होते.

तेवढ्यात सपनाचा फोन आला. नव्या घरातली पहिली पूजा, पाटावर काय ठेवू म्हणून विचारत होती.

"तुमचा हिशोब ज्याच्यात हाये ते ठेव," सुलोचनाबाईंनी सांगितलं. "अन उघडून कुंकू लावजो बरं. बंद डब्यातली पूजा देवीले पोचत नाई."

पाडव्याला मधुकररावांनी बटन दाबलं तर कॉम्प्युटर आतून फट्ट म्हणाला आणि जळका वास सोडून गप्प झाला. बाई घाबरल्या. मधुकरराव मात्र रुबाबात होते.

"बॅकअप कायले असते मंग?" ते म्हणाले आणि फ्लॉप्या वरवर पुसून डब्यात भरून मोकळे झाले.

भाऊबीजेला गजेंद्र आणि सपना आले. चहा झाल्यावर गजेंद्रनं ऑफिसचा लॅपटॉप उघडला. मधुकररावांनी दागिना काढावा तशी आश्विनाची फ्लॉपी काढून दिली. ती आत गेली आणि खर्र खर्र करू लागली. भाद्रपद घातला, तोही खर्र. श्रावणातून तर तांदळाचा दाणा पडला.

"बाबा, हे लाल काय हाये?"

मधुकररावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं.

"तुमीच म्हणलं, मन लावून कर," त्या म्हणाल्या.

गजेंद्र पोट धरून हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "जाऊ द्या बाबा, नेम तं नेम. खोली तयारच हाये." मधुकररावांचा चेहरा उतरला. बाकडा, पानठेला, किसनराव, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

पोराला मात्र आता शिकवायचा जोर चढला होता. "फ्लॉपीचे दिवस गेले, बाबा. मी तं पुण्याचा कॉम्प्युटर विकूनही टाकला. घरचा सारा हिशोब एका सीडीवर घेतला, लोहचुंबकाचंही भेव नाई. थांबा, दाखवतो."

"राहू द्या ना आता," सपना घाईनं म्हणाली. "आधी जेवून घ्या."

पण गजेंद्र बॅग उघडून बसला होता. त्यानं सीडीची डबी उघडली. चकचकीत बाजूवर कुंकवाचं सुबक स्वस्तिक वाळून बसलं होतं आणि त्यात अक्षता रुतल्या होत्या. त्यानं ती रुमालानं खसाखसा घासली. दाण्यांनी सीडीवर इकडून तिकडे ओरखडे ओढले. लॅपटॉपनं ती बराच वेळ फिरवून पाहिली आणि बाहेर ढकलून दिली.

"आईंनीच सांगितलं होतं, उघडून लाव म्हणून," सपना हळूच म्हणाली.

मधुकररावांच्या मिशा थरथरू लागल्या होत्या.

"गजेंद्र, नेम कोनं घातला होता?"

"मीच."

"मंग सामान तुले बांधा लागते बापू. वरची खोली झाडून देतो."

आता हसू कोणालाच आवरेना, गजेंद्रलाही. त्या हसण्याच्या भरात मधुकररावांच्या तोंडून ते निघून गेलं. "मले पुण्याले नाई यायचं रे. हिशोब दिसो का न दिसो. मले इथंच राह्यचं हाये."

हसणं थांबलं. गजेंद्रनं लॅपटॉप मिटला.

"मंग हे आधी काऊन नाई सांगतलं, बाबा?"

"तू हिशोब मांगितला, तं हिशोब देल्ला," मधुकरराव फ्लॉप्या गोळा करत म्हणाले. "हे तू मले विचारलंच कवा?"

खाली बसून गजेंद्र एकेका फ्लॉपीतलं कुंकू रुमालाच्या टोकानं पुसू लागला, आणि पुसलेली फ्लॉपी बापाच्या हातात देऊ लागला.