साडेअडतीस किलो

"रंगूबाई, उतरा आधी काट्यावरून," मी म्हटलं. "पेशंट तुम्ही आहात का?"

"बघते फक्त," म्हणत शेजारच्या रंगूबाई तशाच उभ्या राहिल्या. ब्याऐंशी किलो. काटा बिघडलाय, असा निकाल देऊन त्या उतरल्या.

दर बुधवारी हेच. चेंदणीच्या कोळीवाड्यात मी पाऊल टाकलं की दामाजींच्या आधी अर्ध्या आळीला स्वतःचं वजन करून घ्यायचं असतं.

दामाजींना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. ऑपरेशनची वेळ निघून गेलेली. मोठ्या हॉस्पिटलने घरी पाठवलं तेव्हा आमच्या संस्थेकडे एवढंच काम उरलं, की दुखणं ताब्यात ठेवायचं आणि माणूस होता होईतो खंगू द्यायचा नाही. त्यासाठी दर आठवड्याला वजन करायचं, दंड मोजायचा, काय खाल्लं ते लिहायचं. ही त्र्याण्णव सालची गोष्ट. काटा मी उचलायचा, फॉर्म मी भरायचा, आणि वजन उतरलं की डॉक्टरांची बोलणीही मीच खायची. "मालन सिस्टर, तुमचेच पेशंट कसे उतरतात?" मी काय त्यांना रंधा मारते?

डॉक्टर मला बोलायचे, मी सगुणाबाईंना. वड्याचं तेल वांग्यावर.

सगुणाबाई म्हणजे दामाजींची बायको. आजार कळल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी घरातली मासळीच बंद केली होती. माशाने आतली जखम चिघळते म्हणे. कोळ्याच्या घरात नुसतं वरणाचं पाणी! तेव्हा मी त्यांच्यावर जी घसरले, ती मासळी परत सुरू झाली तरी घसरतच राहिले. "अंडं दिलंत का? दूध किती दिलंत? पेजेत तूप का नाही घातलं? माणूस उपाशी मारणार आहात का?" त्या मान खाली घालून ऐकायच्या. दामाजी भिंतीकडे बघत राहायचे.

आणि गेल्या दोन खेपांपासून वजन चढायला लागलं होतं. आधी सदतीस होतं, मग अडतीस, आज साडेअडतीस.

"बघा," मी सगुणाबाईंना म्हटलं, "ओरडले म्हणून तरी सुधारलं ना?"

"तुझीच किरपा, बाय," म्हणत त्या बोंबलांचा रस्सा गरम करायला आत गेल्या.

मी खुशीत दामाजींच्या दंडाला टेप लावली. एकोणीस सेंटिमीटर. गेल्या बुधवारी साडेएकोणीस होता, त्याआधी वीस. परत मोजला, तरी एकोणीसच. दंड उतरतोय आणि वजन चढतंय, म्हणजे अंगात पाणी साठत असणार. घोट्यावर अंगठा दाबून पाहिला, खळगा पडला नाही. पोटात पाणी आहे का बघावं म्हणून सदरा वर करायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. जोर काही नव्हता त्या हातात, पण धरला.

सदऱ्याखाली कमरेभोवती जुन्या जाळ्याची कड गुंडाळलेली होती. जाळं तळाला बसावं म्हणून कडेला शिशाच्या गोळ्या ओवतात, त्या गोळ्यांसकट. दोन किलो तरी भरल्या असत्या.

माझं डोकंच फिरलं. "हे काय दामाजी? मी एवढ्या उन्हात काटा उचलून आणते, तो हे मोजायला?"

"हलू बोल," ते म्हणाले. आवाज घशातच राहायचा, मला कान जवळ न्यावा लागला. "तिला ठावं नाय. तू गेलीस का ती आत जाऊन रडते. जेवत पन नाय. माझ्याच घशाखाली जात नाय, त्यात तिचा काय गुना? वजन वाढलं तर तू गप बसशील, म्हनून बांधलं."

मी ती कड सोडवून पलंगाखाली सारली आणि त्यांना धरून पुन्हा काट्यावर उभं केलं. साडेछत्तीस.

मला माहीत नव्हतं असं नाही. वीस वर्षं नर्स आहे मी. या दुखण्यात एक वेळ अशी येते, की वाटीभर तूप ओतलं तरी अंगी लागत नाही, भूकच मरते. मग घरात साक्षात अन्नपूर्णा रांधत असली तरी काटा खालीच जातो. पण हे डॉक्टरांना तोंडावर सांगण्यापेक्षा सगुणाबाईंवर ओरडणं सोपं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

मी दामाजींना परत पलंगावर बसवलं, तोवर सगुणाबाई वाटी घेऊन बाहेर आल्या.

"सगुणाबाई, बसा जरा," मी म्हटलं. "मघाशी मी काटा चुकीचा वाचला. यांचं वजन उतरलंय. आणि तुम्ही काहीही करून घातलंत तरी ते आता उतरतच जाणार. हे दुखणंच तसं आहे. यात तुमची काही चूक नाही. आधीही नव्हती."

त्या रडल्या नाहीत.

"आधी पन नव्हती?"

"नव्हती."

"मंग तीन म्हैने मना का बोललीस?"

"चुकलं माझं," मी म्हणाले.

त्या दामाजींच्या शेजारी बसल्या आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी मान हलवली. एरवी त्या पाठीस लागायच्या, दोन घोट तरी घ्या म्हणायच्या. आज पाठीस लागल्या नाहीत. चमचा वाटीत ठेवला, वाटी तोंडाला लावली आणि स्वतःच तो रस्सा हळूहळू पिऊ लागल्या. वाटी रिकामी होईपर्यंत दामाजी त्यांच्याकडे बघत होते.