साहेबरावाच्या भिंतीवरचा हात

साहेबरावाच्या घरापुढं गर्दी एवढी होती की मला वहाणा काढायलाही जागा मिळेना. पालीच्या वरच्या अंगाची दहा घरांची वाडी. भाद्रपद सरत आलेला, पाऊस अजून चिवटपणे चालूच, आणि घोंगड्या-इरली पांघरलेली चाळीस-पन्नास माणसं नारळ धरून चिखलात उभी. सरकारी नर्स म्हणून या भागातलं माझं अकरावं वर्ष. घाम फुटणारी मूर्ती पाहून झाली, बोलणारी विहीर पाहून झाली. आता चमत्कार ऐकला की राग येत नाही, पाय दुखायला लागतात.

"बाई, देवी परगटली!" साहेबराव म्हणाला. "आतल्या खोलीत भितीवर हात उमटलाय. आपसूक!"

"आणि तुझी बाळंतीण कुठं आहे?"

"तितंच की. हाताखाली."

मी गर्दीतून वाट काढत आत शिरले. कुबट वासानं नाक चोंदलं. खिडकीत चिंध्यांचा बोळा कोंबलेला. भिंतीवर हिरवट काळी पाच बोटं, आणि खाली बाजेवर सारजा, वीस दिवसांच्या लेकीला उराशी धरून. पोरीची छाती सुंईसुंई वाजत होती.

"हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं," मी म्हणाले.

दाराशी बसलेले चिमाजी बुवा कडाडले, "खबरदार! पाच बोटं म्हंजे पंचमहाभूतं! सव्वा महिना खिडकी उघडायची न्हाई, भितीभायेरली झडीची गवताची तट्टी सोडायची न्हाई. वारं शिरलं की देवी निघून जाईल!"

एवढी हलकी देवी मी पहिल्यांदाच ऐकली. पण वाद घालायला वेळ नव्हता आणि अंगात त्राणही नव्हतं. मी सारजाच्या सासूकडे, ठकुबाईकडे वळले. "देवीच्या हाताखाली बाळंतीण ठेवलीत? विटाळ चालतो देवीला?"

बुवांनी एवढा विचार केला नव्हता. ठकुबाईनं सुनेला हात देऊन उठवलं. त्याच दुपारी आम्ही पोरीला वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, त्या खोलीत परत नाही. मायलेकी पुढच्या सोप्यात राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी ठकुबाईला विचारलं, "बुवांनी नेमकं केलं काय?"

"श्रावणात आलं हुतं. माज्याच चुलीवरची भाताची पेज मागितली. मंतरली, तिच्यात हात बुडवून भितीला लावला. वाळल्यावर काय बी दिसंना. धा दिसांनी काळा हुन वर आला."

"खळ दिलेलं लुगडं पावसाळ्यात पेटीत राहिलं तर काय होतं?"

"बुरशी धरती." म्हातारी थबकली. "पर ती कापडाला. भितीला कशी धरंल?"

"चला, बघू या."

तिच्याच पेजेत बोट बुडवून मी त्या हाताशेजारी बकरी काढली. मंत्र म्हणून साताचा पाढा म्हटला. तिसरा पाय काढेपर्यंत पेज संपली. ठकुबाईनं दाराला कडी घातली.

दहा दिवसांनी गेले. पोरगी शांत झोपली होती, छाती वाजत नव्हती. आतल्या भिंतीवर हिरवट काळी बकरी उभी होती. गर्दी पुन्हा जमलेली, बुवाही हजर.

"ही बी लीलाच!" बुवा गरजले. "देवीनं आपलं वाहन धाडलं!"

"बुवा," ठकुबाई म्हणाली, "बकरी बाईंनी माज्या म्होरं काढली. पेज सरली म्हून चौथा पाय ऱ्हायला. देवीनं धाडली असती, तर लंगडी धाडली असती व्हय?"

माणसं खो खो हसली. बुवांना तेवढ्यात विंझरची एस.टी. आठवली.

मग मी सगळ्यांना सांगितलं. पेज हे बुरशीचं खाणं. अंधार, ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की जिथं पेज लागली तिथं ती आधी माजते. गवताची तट्टी आषाढात झड अडवते, पण भिजून कुजलेली तशीच भिंतीला टेकून ठेवली तर भिंत वाळणार कशी? दरवर्षी नवरात्राआधी तुम्ही तट्टी सोडता, घर सारवता, ते वाडवडिलांचं शहाणपण. यंदा बुवाच्या शब्दावर ते टाळलंत, आणि ती घाण पोरीच्या छातीत गेली.

साहेबरावानं तट्टी सोडली, खिडकीतला बोळा काढला. तोंडाला फडकी बांधून आम्ही भिंतीचा थर खरवडला, लांब नेऊन पुरला. आठवडाभर खोली उघडी टाकून वाळवली, मग चुना दिला.

चुना देताना ठकुबाई हळूच म्हणाली, "बाई, त्या दिशी तुमी विटाळाचं बोललात. ते खरं, का ती बी लबाडीच?"

मी कुंचला खाली ठेवला.

"लबाडीच," मी म्हणाले. "बाळंतिणीला विटाळबिटाळ काही नसतो. पोरगी बाहेर काढायची होती. खरं सांगून तुम्ही ऐकलं नसतंत."

"नसतं ऐकलं," ती म्हणाली. "आमचीच चूक. पर म्होरल्या येळंला खरंच सांगा. बुवानं फशिवलं त्याचं येवढं न्हाई वाटलं, तुमी फशिवलं त्याचं वाटलं."

अकरा वर्षांत मला कुणी एवढं लागेल असं बोललं नव्हतं. म्हणून आता थकवा आला तरी खरंच सांगते, आणि वाचणाऱ्यांनाही तेच सांगते. भिंतीवर काही उमटलं, तर हात जोडण्याआधी भिंत ओली का झाली ते बघा. आणि कुणीही काही सांगितलं, बुवानं सांगो की नर्सनं, तर कशावरून, एवढं तोंडावर विचारा.