भर उन्हात उल्हासराव

मीटिंग संपवून आसावरी खाली आली, तर सासरे घरात नाहीत. फोन चार्जिंगला लावलेला आणि टोपलीतला एक कांदा गायब. ती मटकन खुर्चीत बसली. नागपूरचा माणूस खिशात कांदा टाकतो तो ऊन लागू नये म्हणून, म्हणजे स्वारी बाहेर पडली होती. पण हे अमेरिकेच्या वाळवंटातलं चँडलर, जुलै महिना, दुपारचा एक. इथलं ऊन कांद्याला भीक घालतंय होय!

तिचा नवरा देवदत्त कामासाठी तैवानला गेलेला, बाप बायकोच्या भरवशावर. आणि सकाळीच ही त्यांच्यावर खेकसली होती. काय केलं होतं बिचाऱ्यांनी? डिशवॉशरमधली धुतलेली भांडी काढून पुन्हा घासली.

"बाबा, प्लीज, तुम्ही काही करू नका. नुसते बसा!"

अहो, जन्मभर विजेच्या खांबांवर चढउतार केलेला माणूस नुसता बसेल कसा? आपलं त्यांच्याशी शेवटचं बोलणं हेच ठरलं तर?

गाडी काढायचंही सुचलं नाही तिला. चपला अडकवून धावत सुटली. पार्कमधली बाकं पाहिली, चिटपाखरू नव्हतं. कॉलनीच्या फाटकाबाहेर आली, तर झाडाखाली माणसं जमलेली. नव्या घरांवर कौलं बसवणारे कामगार होते, एक टपालवाली होती. नक्की कोणीतरी पडलंय!

पडलं-बिडलं कोणी नव्हतं. टेबलावर बर्फाची मोठी पेटी होती आणि डोक्याला ओला पंचा गुंडाळून उल्हासराव ग्लास भरत होते. शेजारचे व्हिएतनामी आजोबा, टुआन काका, लिंबं पिळत होते.

"बाबा!" म्हणून ती ओरडली आणि भर रस्त्यात रडायलाच लागली. हुश्श! छातीवरचा धोंडा उतरला तिच्या.

उल्हासराव ओशाळले. "तू कामात होती. हे एकटेच टेबल ओढत होते. म्हटलं, हात लावू."

टुआन काका घाबरून मोडक्या इंग्रजीत समजावू लागले. "आमच्या भाषेत म्हण आहे, 'तू न्यन तिक दुक'. म्हणजे माणसाने स्वतःला घडवावं, पुण्य साठवावं. पुढे मुलाबाळांना कामी येतं."

"आपली पाणपोई गं," उल्हासराव म्हणाले. "यांच्याकडेही पुण्याचंच काम."

"आणि तुम्हीच चक्कर येऊन पडला असतात तर? आम्हाला नको तुमचं पुण्य! तुम्ही हवे आहात!"

उल्हासरावांच्या हातातला ग्लास भरून वाहायला लागला. असं त्यांना या घरात कोणी कधी म्हटलं नव्हतं.

"बरं बरं. मग अजून रागव, पण आधी पाणी पी. तोंड बघ कसं लाल झालंय. आणि रांगेतून ये हो, मधे घुसू नको."

आसावरीने ओढणीने नाक पुसलं आणि मुकाट्याने टपालवालीच्या मागे जाऊन उभी राहिली.