चौदा नंबरच्या बसचं इंजिन

गॅरेजातल्या हिरव्या शेव्हेल गाडीला सगळं होतं. नव्या सीटा होत्या, घासून घासून आरसा केलेला क्रोम होता, रेडिओसुद्धा वाजत होता. नव्हतं ते फक्त इंजिन. ते कुठलं बसवायचं यावर दर गुरुवारी संध्याकाळी खल चालायचा, आणि त्या खलाला आता सहावं वर्ष लागलं होतं.

खलाला माणसं तीन. नेडीनचा नवरा वेन्डल, धाकटा दीर लायल आणि औषधांचं दुकान लेकाच्या गळ्यात घालून मोकळा झालेला हॉफस्टेटर. बॉनेट काढलेल्या गाडीभोवती घडीच्या खुर्च्या टाकून तिघं बसायचे आणि त्या रिकाम्या खड्ड्यात असे टक लावून बघायचे, की आत शेकोटी पेटली आहे असं वाटावं. डोनटचा खोका बॅटरीच्या जागी ठेवलेला असे. मापात चोख बसायचा.

लायलचं म्हणणं, गाडी एकोणसत्तर सालची तर इंजिनही एकोणसत्तरचंच पाहिजे, आणि इंजिनाच्या ठोकळ्यावर कोरलेला नंबर गाडीच्या कागदांशी जुळला पाहिजे. हॉफस्टेटरला हवं होतं नवंकोरं, कॉम्प्युटरवर चालणारं.

‘‘किल्ली फिरवली की सुरू,’’ हॉफस्टेटर म्हणायचा. ‘‘जानेवारीतसुद्धा.’’

‘‘मग टोस्टरच बसव ना,’’ लायल म्हणायचा. ‘‘तोही जानेवारीत सुरू होतो.’’

वेन्डल दोघांचं मन लावून ऐकायचा, दोघांचंही बरोबर आहे म्हणायचा आणि आणखी एक डोनट उचलायचा.

गाडी नेडीनची होती हे तिघंही अधूनमधून विसरत. एकोणिसाव्या वर्षी टोमॅटोच्या कारखान्यात दोन मोसम डबे भरून तिने ती घेतली होती. मूळ इंजिन लग्नानंतर वेन्डलने ‘शनिवार-रविवारपुरतं’ म्हणून उतरवलं, ट्रॅक्टरवर चढवलं आणि जिल्ह्याच्या जत्रेत वजन ओढायच्या शर्यतीत नेलं. शर्यत अठरा सेकंद चालली. इंजिनाचं पोट फोडून बाहेर पडलेला दांडा कणसं भाजणाऱ्याच्या गाडीपर्यंत गेला. कणसंवाल्याने तो परत आणून दिला, एवढंच काय ते त्या दिवसातलं बरं.

तेव्हापासून नेडीन शाळेची पिवळी बस चालवत आली. एकतीस वर्षं. या जूनमध्ये निवृत्त झाली आणि जुलैत डॉक्टरने डाव्या गुडघ्याचा फोटो उजेडाला धरून ‘च्‌च्’ केलं.

‘‘सप्टेंबरच्या आठ तारखेला गुडघा बदलू.’’

‘‘आणि मग क्लच दाबता येईल?’’

‘‘कसा क्लच आहे?’’

‘‘घोडा मागे ढकलावा तसा.’’

डॉक्टर हसला. मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला. ‘‘बाई, त्यानंतर बिनक्लचची गाडी बघा.’’

त्या गुरुवारी ती गॅरेजात गेली आणि डोनटच्या खोक्यावर तळहात ठेवून उभी राहिली. ‘‘आठ सप्टेंबरच्या आत मला माझी गाडी चालवायची आहे. त्यानंतर जमणार नाही. इंजिन सांगा.’’

तिघं गंभीर झाले. मग लायल घसा खाकरून म्हणाला, ‘‘म्हणजे आता घाईघाईने निर्णय घ्यायचा म्हणतेस?’’

‘‘सहा वर्षं झाली, लायल.’’

‘‘तेच म्हणतोय मी. इतकी वर्षं विचार केलाय, तो वाया घालवायचा का?’’

रात्रीची भांडी पुसताना तिने वेन्डलला धरलं. ‘‘ते दोघं राहू देत. तुला कुठलं हवंय?’’

वेन्डल एकच बशी बराच वेळ पुसत राहिला. ‘‘मला कुठलंच नकोय, नेड.’’

‘‘म्हणजे काय?’’

‘‘एक मी घालवलं. दुसरं मी निवडलं आणि तेही चुकलं तर? हे असं रिकामं आहे तोवर निदान चुकलेलं तरी नाही.’’

एकतीस वर्षं ‘माझं इंजिन’ एवढे दोनच शब्द उच्चारून तिने या माणसाकडून बर्फ उपसून घेतला होता, गटारं साफ करून घेतली होती, आपल्या आईला फ्लॉरिडापर्यंत सोडायला लावलं होतं. आता तिला जरा लाजल्यासारखं झालं. तिने बशी त्याच्या हातातून काढून घेतली. चकचकीत झाली होती बिचारी.

दुसऱ्या आठवड्यात शाळेने जुन्या बसचा लिलाव केला. चौदा नंबरही त्यात होती. शेवटची सोळा वर्षं नेडीनने हीच बस हाकली होती. आत चिकटलेल्या च्युइंगगमच्या वासासकट कोणी तिच्यावर बोली लावीना. नेडीनने लावली. दुपारी तिने बस अंगणात आणून उभी केली, दार फस्सकन उघडलं आणि गॅरेजातल्या तिघांना हाक मारली.

‘‘इंजिन आणलंय.’’

लायल बाहेर आला. त्याने बसकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, मग पुन्हा बसकडे. ‘‘शाळेच्या बसचं? शेव्हेलमध्ये? नेडीन, रविवारी चर्चमध्ये काय तोंड दाखवू मी?’’

‘‘जे आहे तेच दाखव. लोकांना सवय आहे.’’

‘‘पण नंबर! नंबर कुठे जुळतोय?’’

‘‘मला या इंजिनाच्या, खोकल्याआधीच्या आणि खोकल्यानंतरच्या, दोन्ही शिंका माहीत आहेत. उणे वीस अंशांच्या थंडीत त्याने मला एकदाही रस्त्यात टाकलं नाही. तुझ्या नंबराने टाकलं नसतं?’’

हॉफस्टेटर तोवर बसच्या तोंडात डोकं घालून बसला होता. आतून त्याचा आवाज आला, ‘‘लायल, घराणं तेच आहे रे. शेव्हेलच्या बैठकांवर बसेल. फक्त अंगाने उंच आहे.’’

‘‘किती उंच?’’ लायलच्या तोंडून निघून गेलं. त्याचा विरोध तिथेच संपला. यंत्रातली अडचण समोर दिसली की त्याला तत्त्वं सुचत नसत.

तीन आठवडे अंगणात साखळदंड, जॅक आणि शिव्या यांचा संसार मांडला होता. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी इंजिन शेव्हेलच्या पोटात बसलं आणि सुरू झालं. आवाज मात्र गुरगुरणाऱ्या मसल कारचा नव्हता. सकाळी साडेसातला शाळेची बस कोपऱ्यावर यावी तसा, घरगुती. मग बॉनेट चढवलं तर ते तीन बोटं उघडंच राहिलं.

तिघांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की बघवेना.

‘‘बॉनेट कापायचं,’’ लायल म्हणाला.

‘‘छे, कार्बोरेटर बदलायचा,’’ हॉफस्टेटर म्हणाला आणि त्याने खुर्ची उघडली.

‘‘बॉनेटशिवाय चालते ना?’’ नेडीनने विचारलं.

‘‘चालते, पण...’’

‘‘वेन्डल, बस आत.’’

रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंनी मक्याची शेतं मागे पळायला लागली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. प्रत्येक क्लचला गुडघ्यातून कळ डोक्यात जात होती आणि नेडीन दात खाऊन हसत होती. चौथा पडला तेव्हा तिने अशी आरोळी ठोकली की वेन्डलने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला.

आणि रेल्वेचा रूळ आला. नेडीनने ब्रेक लावला, गाडी थांबवली, आपल्या बाजूचं दार उघडलं आणि कान दिला. शाळेच्या बसने रुळांशी थांबून, दार उघडून, आगगाडी येत नाही ना ते ऐकायचं असतं. एकतीस वर्षांत तिने ते एकदाही चुकवलं नव्हतं.

‘‘नेड, आपण बसमध्ये नाही आहोत,’’ वेन्डल म्हणाला.

‘‘गप्प!’’

मागे एक पिकअप येऊन थांबला होता. आतला दाढीवाला बाप्या हॉर्न वाजवणार होता, पण उघडं दार आणि त्यातून बाहेर आलेलं डोकं बघितल्याबरोबर त्याने रेडिओ बंद केला आणि हात मांडीवर ठेवून, शाळेत असताना तिच्या बसमध्ये बसायचा तसा ताठ बसला.

रूळ मोकळे होते. नेडीनने दार लावलं, पाय क्लचवर ठेवला आणि दाबला. पाय गेला नाही. पुन्हा दाबला. गुडघा म्हणाला, झालं तेवढं पुष्कळ झालं.

‘‘सरक,’’ वेन्डल हळूच म्हणाला. ‘‘मी घेतो.’’

‘‘नाही.’’ तिचे डोळे भरून आले होते. ‘‘अजून माझं झालेलं नाही.’’

वेन्डलने तिच्याकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं. मग एकसष्ट वर्षांचा, सव्वादोनशे पौंडांचा तो माणूस सीटवरून कुशीवर वळला आणि डोकं खाली, बूड वर असा तिच्या पायांशी शिरला.

‘‘कुठला क्लच?’’

‘‘डावीकडचा! तो ब्रेक आहे, गाढवा!’’

‘‘सापडला. सांग कधी ते.’’

‘‘दाब!’’ त्याने दोन्ही हातांनी दाबला. तिने पहिला टाकला. ‘‘आता सोड. हळू... हळू रे, पोरं पडतील मागे!’’

गाडी एक उसळी मारून रूळ ओलांडून गेली. मागच्या पिकअपमधल्या बाप्याला पुढे नेडीनबाई एकट्याच दिसत होत्या, ताठ बसलेल्या, आणि शेजारी कुणाची तरी खाकी पँट आभाळाकडे तोंड करून.

‘‘किती वेग झाला?’’ खालून आवाज आला.

‘‘पंचवीस. दाब, दुसरा टाकते.’’

‘‘घरी कधी वळायचं?’’

‘‘टाकी भरलेली आहे,’’ नेडीन म्हणाली. ‘‘दाब!’’