किमान एक

…रेषेच्या टोकाशी बसलेला तो बारीकसा एक. चष्मा वर सरकवून पाहिला तरी एकच. स्क्रीनवर दोन चौकोन, डावीकडे 'माता', उजवीकडे 'बाळ', मधून एक रेषा आणि बाळाच्या बाजूला हा आकडा. म्हणजे मातेला किमान एक बाळ असलंच पाहिजे. हा नियम उत्कर्षाने स्वतः आखला होता, सहाव्या महिन्यात, पाठीशी उशी घेऊन, आणि आखताना शिवराजला फोनवर हसत म्हणालीही होती की, बाळाशिवाय माता कसली रे…

हसत. आज तिला तेच सगळ्यात जास्त लागत होतं.

तिचं काम म्हणजे नियमांचे नियम करायचे. प्रसूतीच्या दवाखान्यांसाठीच्या प्रणालीत कोणकोणत्या गोष्टी असतील, कुणाचं कुणाशी नातं, किमान किती, कमाल किती — हे मेटामॉडेल एकदा ठरलं की पुढचा कोड कुणी हाताने लिहीत नाही, जनरेटर नावाचा प्रोग्रॅम लिहितो. स्क्रीन, तपासण्या, आठवणीचे मेसेज, सगळं त्या आकृतीतून आपोआप उतरतं. आणि आकृती चुकली तर चूकसुद्धा तितक्याच इमानेइतबारे दवाखान्यादवाखान्यांत पोचते. तशी ती पोचली होती. एका दवाखान्यात मेलेलं मूल जन्मलं. नर्सने बाळाचा रकाना रिकामा ठेवला, तर प्रणाली पुढे जाईना. दारात रांग, म्हणून बिचारीने तिथे नुसतं टिंब टाकलं. ते टिंबच बाळ झालं, आणि दीड महिन्याने त्या बाईच्या फोनवर मेसेज गेला — आपल्या बाळाच्या लसीचा दिवस जवळ आला आहे.

मी पाठवला. कुणी काही म्हणो, तो मेसेज मीच पाठवला.

पुण्याच्या ऑफिसातला शिवराज, तिच्या हाताखाली काम करणारा, सकाळी म्हणाला ते सोपं होतं: एकाच्या जागी शून्य करायचं, जनरेटर पुन्हा चालवायचा, दोन मिनिटांचं काम. शिवराजची सगळीच कामं दोन मिनिटांची असतात, आणि मग संध्याकाळी सात वाजता त्याचा रडवेला फोन येतो. पण आज त्याचा आवाज एकदम खाली आला — हल्ली तिच्याशी बोलताना सगळ्यांचाच येतो, घरात कुणी नुकतंच झोपलंय असा — आणि तो म्हणाला की, तुम्हाला नको असेल तर मी करतो, मॅडम.

ती नको म्हणाली. तेव्हापासून कर्सर त्या आकड्यापाशी लुकलुकतोय. खालच्या मजल्यावर यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. ह्या विणकरांच्या भवानी पेठेत लग्न होऊन आली तेव्हा तिला त्या आवाजाने झोप यायची नाही, आता तो थांबला की जाग येते.

शून्य… शून्य केलं की ती बाई प्रणालीत राहील आणि बाळ कधी नव्हतंच असं होईल. टिंबसुद्धा नाही. मग त्या उलट्या, ते सुजलेले पाय, कुशीवर वळलं की बरगडीत बसणारी लाथ — ती कुणी मारली होती? ह्या घरात तर शून्य केव्हाच झालं होतं. उत्कर्षा शुद्धीवर आली तोवर तिचा नवरा ऋतुराज आणि त्याचे जोतीरामकाका मुलीला गावाबाहेर होटगीच्या रानात मातीआड करून परतलेही होते. आईने बघायचं नसतं म्हणे, जीव अडकतो. दुपटी, झबली सासूबाईंनी बांधून कुठेशी नेली. पाचवी नाही, बारसं नाही. ऋतुराज रेल्वेची ड्यूटी करून येतो, तिच्यासाठी द्राक्षं आणतो, तिने खाल्ली की नाही ते बघतो, आणि त्या विषयाला हात लावत नाही. चांगला माणूस आहे. कधीकधी तिला त्याच्या त्या द्राक्षांचा इतका राग येतो की सगळी खिडकीतून खाली टाकावीत.

दुपारी तिने शून्य केलं नाही. 'बाळ'च्या खाली नवा चौकोन काढला, 'जिवंत बाळ'. लस, वाढीचा तक्ता, नाव, आठवणीचे मेसेज — सगळ्या रेषा बाळापासून सोडवून एकेक करून तिकडे नेल्या. बाळापाशी फार थोडं उरलं. जन्माची वेळ. मुलगा की मुलगी. आई कोण. एवढं तर कुणाचंही असतं.

शिवराजला कळवलं. तो चाचरत म्हणाला की, जनरेटरचे निम्मे नियम पुन्हा लिहावे लागतील, शून्याने भागत असताना कशाला… पुढचं त्याने गिळलं. हे त्या दवाखान्यांसाठी आहे की तुमच्यासाठी, असंच विचारायचं होतं ना त्याला? तिला तरी कुठे ठाऊक होतं.

"जिवंत नव्हतं, शिवराज," ती म्हणाली. "पण झालं होतं."

फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे वाक्य ह्या घरात आजवर कुणीच तोंडाबाहेर काढलेलं नाही. तिनेसुद्धा नाही. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. सासूबाई, मथुराबाई, चटणीसाठी शेंगा फोडत बसल्या होत्या. ती त्यांच्यासमोर बसली, चार शेंगा हातात घेतल्या, आणि न ठरवताच विचारून गेली.

"आत्या, तुम्ही बघितलं होतं तिला?"

मथुराबाईंचे हात थांबले. आता बोलणी खायची, झालं-गेलं कशाला उकरून काढतेस म्हणतील, असं तिला वाटलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "न बघता कशी दिऊ त्यांच्या हातात? आंगूळ घातली की मी तिला. जावळ लई हुतं, काळंभोर, पार कपाळावर. आन हनुवटी तुजी."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलंच न्हाईस. मला वाटलं, तुला नगं आसंल."

आणि मला वाटलं, तुम्हाला नको असेल. एवढं बोलायचं होतं, पण तिने हातातली शेंगच फोडली. मथुराबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. उत्कर्षाला वाटलं होतं, कळलं की छाती हलकी होईल. हलकी कुठली… इतके दिवस ती रडली ते स्वतःच्या रिकाम्या पोटासाठी. आज कपाळावर केस आलेली एक मुलगी समोर आली, आणि आजच, आत्ता, शेंगा फोडता फोडता, ती गेली. होटगीचं ते रान कुठलं, हे विचारायचं धैर्य तिला अजून होत नव्हतं. आणि विसरायचं म्हटलं, तरी ती हनुवटी रोज सकाळी आरशात दिसणार होती.